खोबऱ्याची बिअर: वाटणाचा हात आवरा, या चुका टाळा

भाजलेलं खोबरं घालून पोर्टर (काळपट, गडद बिअर) करताना मला सगळ्यात जास्त नडला तो माझाच स्वयंपाकाचा हात. मालवणी वाटणावर वाढलेला मी. पहिल्या घाण्याला खोबरं तेल सुटेपर्यंत भाजलं. वास झकास आला, पण ग्लासात ओतल्यावर फेस अर्ध्या मिनिटात बसला आणि वर तेलाचा तवंग. कोंबडीच्या रश्शावर तो शोभला असता.

(हे ठाण्यातल्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीतले 20 लिटरचे चाचणी घाणे. 1949च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर गाळता येत नाही, घरच्यापुरतीसुद्धा.)

तर भाजणं. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं, आणि तेल फेस मारतं. वाशीच्या मसाला मार्केटातल्या खोबऱ्याच्या वाट्या वाटणालाच ठेवा. इथे बिनसाखरेचं डेसिकेटेड (सुकवलेला बारीक कीस) घ्या, कमी तेलाचं मिळालं तर उत्तमच. आधी चावून बघा. जरा जरी खवट लागलं तरी वापरू नका, बिअरमध्ये ते लपत नाही. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सतत हलवत कोरडंच भाजा. बदामी होण्याच्या जरा आधीच उतरवा आणि लगेच कागदावर पसरा, कारण गरम कढईत ते भाजतच राहतं. कागद तेलकट झाला की बदला. मी तीनदा बदलतो.

उकळत्या वर्टमध्ये (माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड पाण्यात) खोबरं टाकू नका. वास वाफेबरोबर जातो, तेल मागे राहतं. फर्मेंटेशन (आंबणं) संपल्यावर 400 ते 500 ग्रॅम, उकळून घेतलेल्या जाळीच्या पिशवीत घालून सोडा. तिसऱ्या दिवसापासून रोज चाखा, आठवड्याच्या आत काढा. काढताना पिशवी पिळायचा मोह होतो, नारळाचं दूध काढायची सवय ना! पिळलीत की तेल उतरलंच. खोबऱ्याने प्यायलेली बिअर गेली असं समजा.

तवंग दिसलाच, तर टाकी दोन दिवस 1-2 अंशांवर ठेवा. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं तेल वर थिजतं; बिअर खालून काढून घ्या. बसलेला फेस मात्र पुरता परत येत नाही. पुढच्या घाण्यात फेस टिकावा म्हणून थोडा गव्हाचा माल्ट घाला.

खोबऱ्याच्या नादात मॅशकडे (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टकडे) दुर्लक्ष होतं, तेही सांगतो. ती डाळ नव्हे, उकळी येऊ द्यायची नाही. 66-67 अंशांवर तासभर. 80च्या पुढे गेलात तर पिठाची साखर करणारे एन्झाइम मरतात आणि हातात पिठूळ पाणी उरतं. आणि मे महिन्यात एल यीस्ट (पोर्टर आंबवणारं यीस्ट) खोलीत उघड्यावर ठेवू नका. 18-20 अंश हवेत, म्हणजे थर्मोस्टॅट लावलेला फ्रिज हवाच. नाहीतर नेलपॉलिशचा वास येतो, आणि त्यावर खोबरंही काही करू शकत नाही.

बाटलीत भरल्यावर लोणच्यासारखी मुरवत ठेवू नका. खोबऱ्याचा वास सगळ्यात आधी उडतो. दोन महिन्यांनी उघडलेली माझी बाटली नुसती पोर्टर होती.