घर बदललं, नेट येईना? या चुका टाळा

सामान नव्या घरात पोचलं की त्याच संध्याकाळी फोन येतो, "दादा, सगळं जोडलंय, पण नेट येत नाहीये." माझा पहिला प्रश्न ठरलेला: "रीसेट दाबलंस का?" बहुतेक वेळा दाबलेलं असतं, आणि मग मला खरंच राग येतो. बंद करून चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं. राऊटरच्या रीसेटच्या त्या बारीक भोकात टाचणी घातली की पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचं (कंपनीने लाइनला दिलेल्या नंबरचं) सेटिंग पुसलं जातं.

बहिणीने डोंबिवलीत घर बदललं. फायबर जोडून माणूस गेला तेव्हा नेट चालू होतं. मग कपाट भिंतीला सरकवलं आणि नेट गेलं. भाच्याने व्हिडिओ बघून तीनदा रीसेट मारलं. मी पोचलो तेव्हा डब्यावर, म्हणजे फायबर जोडलेल्या राऊटरवर, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकत होता. याचा अर्थ फायबरमधून डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. तिथे पासवर्डचा किंवा कॉम्प्युटरचा काही संबंध नसतो. कपाट पुढे ओढलं, तर पिवळी पॅचकॉर्ड (डब्याला जोडलेली फायबरची छोटी वायर) त्याच्या पायाशी कागदासारखी घडी पडलेली. आत काचेचा तंतू असतो हो! वळण द्यायचंच तर निदान चहाच्या बशीएवढं गोल द्या. नवी पॅचकॉर्ड आणताना जुनी सोबत न्या. हिरव्या टोकाच्या जागी निळं चालत नाही, दोघांची तोंडं वेगळ्या पद्धतीने घासलेली असतात.

नवी कॉर्ड लावली, लाल दिवा गेला, तरी नेट नाही. कारण युजरनेम तीनदा पुसून झालं होतं. तो शनिवार होता. कंपनीकडून पासवर्ड मिळाला सोमवारी दुपारी. बहिणीची ऑफिसची सकाळ वाया गेली ती फायबरमुळे नाही, त्या टाचणीमुळे.

म्हणून मी जुन्या घरातून वायर काढण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढतो. ब्राउझरमध्ये राऊटरच्या सेटिंगचा पत्ता (बऱ्याचदा 192.168.1.1) उघडून वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या, पानाचाही काढतो. पासवर्ड तिथे ठिपक्यांनी झाकलेला असतो, तो कंपनीकडून आधीच मागवून वहीत लिहितो. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईत तेवढीही कुणाला नसतात.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. डबा उचलून नेला म्हणजे कनेक्शन आलं असं नाही, शिफ्टिंगची विनंती कंपनीकडे आठवडाभर आधी नोंदवा. राऊटर, टीव्ही आणि स्पीकरचे अडॅप्टर एकाच पिशवीत टाकू नका. पिन बसते, पण व्होल्ट वेगळे असतात.

कॉम्प्युटरचा आयपी पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर त्याला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल बघा, लॅनऐवजी (घरातल्या कॉम्प्युटरसाठीच्या भोकाऐवजी) वॅनच्या भोकात गेली असेल. पत्ता 169.254 चा नसूनही नेट येत नसेल आणि जुन्या घरात कुणी हाताने आयपी टाकून ठेवला असेल तर तो काढून 'ऑटोमॅटिक' करा.

वेग 100 एमबीपीएसच्या आतच अडकला तर प्लॅनला दोष देण्याआधी लॅन केबल बदलून बघा. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात. ओढाताणीत एक तुटली तरी केबल 100 वर येऊ शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.