स्पर्धेसाठी शैक्षणिक संगणक-खेळ कसा तयार करावा

महाविद्यालयीन स्पर्धेची सूचना लागली की बहुतेक गटांत पहिला वाद कोणते सॉफ्टवेअर वापरायचे यावर होतो. हा निर्णय काही दिवस लांबला तरी बिघडत नाही. आधी ठरवायची असते ती मुलांची एक नेमकी चूक. 'पाचवीचे गणित' हा खेळाचा विषय होऊ शकत नाही आणि 'अपूर्णांक' हाही फार मोठा ठरतो. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे अनेक मुलांना वाटते. ही एक समजूत मोडणे एवढाच विषय घेतला, तर तो दोन महिन्यांत पेलण्याजोगा आहे. अशी चूक हाती लागावी म्हणून पाठ्यपुस्तक वाचून झाल्यावर जवळच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकांना भेटावे आणि त्यांच्या परवानगीने तपासलेल्या वह्या पाहाव्यात. लाल शाईच्या खुणा कोठे दाटल्या आहेत, हे तेथे चटकन दिसते.

यानंतर खेळाची मुख्य कृती ठरवावी. प्रश्नाचे उत्तर बरोबर आले की नायक उडी मारतो आणि नाणी मिळवतो, असे खेळ स्पर्धांत हमखास येतात. कडू कारले साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, तशी ती प्रश्नपत्रिकाच राहते. प्रश्न काढून टाकले तरी खेळ पूर्वीसारखाच खेळता येत असेल, तर शिकणे खेळाच्या बाहेर राहिले असे समजावे. अपूर्णांकांसाठी ओढ्यावर साकव बांधण्याचा खेळ घेता येईल. एक मीटर लांबीच्या साकवात १/३ मीटरची फट आहे आणि मुलाने १/४ ची फळी मोठी समजून उचलली, तर ती अपुरी पडून पाण्यात गेलेली त्याला दिसेल. लाल फुली किंवा कर्कश आवाज यांची गरजच उरणार नाही. पुढच्या पातळीवर १/३ ची फळी शिल्लक ठेवू नये, म्हणजे १/६ च्या दोन फळ्या जोडाव्या लागतील आणि सममूल्य अपूर्णांक खेळता खेळता हाताखालून जातील.

हा खेळ आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून टेबलावर खेळून पाहावा. १९७१ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे अध्यापनाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तिघा विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या तासासाठी 'द ओरेगन ट्रेल' हा खेळ तयार केला, तेव्हा वर्गात संगणकाचा पडदासुद्धा नव्हता. टेलिप्रिंटर, म्हणजे दुरून आलेला मजकूर टंकणाऱ्या यंत्राच्या कागदावर मजकूर छापून येई आणि मुले त्याला उत्तरे देत. पुठ्ठ्यावर जो खेळ रंगत नाही, तो चित्रांनी क्वचितच सावरतो.

आता सॉफ्टवेअर. गटात प्रोग्रामिंगचा सराव कमी असेल, तर आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करता येणारे स्क्रॅच पुरेसे आहे. अन्यथा खेळ बनवण्याचे, मोफत आणि मुक्तस्रोत असलेले गोडो हे सॉफ्टवेअर निवडावे, आणि मराठी खेळासाठी त्याची चौथी किंवा त्यानंतरची आवृत्तीच घ्यावी. मार्च २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या योग्य जागी बसतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सोय नव्हती. युनिटी या खेळ बनवण्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधील, मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रो या प्रचलित घटकातही 'किती' या शब्दातील पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाण्याचा प्रकार घडतो. म्हणून पहिल्याच दिवशी 'किती', 'अर्धा', 'दुसऱ्या' आणि 'प्रश्न' हे चार शब्द पडद्यावर आणून पाहावेत. 'दुसऱ्या'मधील अर्धा र नीट उमटला, की पुष्कळशी काळजी मिटते. मुक्त, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी हे टंक मुक्त परवान्याचे असल्याने निर्धास्त वापरता येतात. चित्रे आणि ध्वनी घेताना मात्र प्रत्येकाचा परवाना त्याच दिवशी एका तक्त्यात नोंदवावा, कारण अखेरच्या रात्री तो शोधणे अशक्यप्राय होते. शाळांतील संगणक जुने असू शकतात, त्यामुळे गोडोमध्ये कम्पॅटिबिलिटी हा रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) निवडावा.

खेळ अर्धवट असतानाच, मुख्याध्यापक आणि पालक यांच्या संमतीने, पाच-सहा मुलांसमोर ठेवावा. या वेळी गटातील कोणीही बोलू नये. हे सर्वांत अवघड काम आहे. मूल चुकीचे बटण दाबू लागले की आपला हात आपोआप माउसकडे जातो. मूल कोठे थांबले, काय पुटपुटले आणि कोणती सूचना न वाचताच पुढे गेले, एवढेच लिहून घ्यावे. खेळापूर्वी पाच आणि खेळानंतर तितक्याच काठिण्याचे, पण वेगळ्या संख्यांचे पाच प्रश्न कागदावर सोडवून घ्यावेत. इतक्या थोड्या मुलांवरून मोठा दावा करता येत नाही, आणि परीक्षकांसमोर तो करूही नये; प्रत्यक्ष आकडे मांडावेत आणि त्यांमुळे खेळात कोणता बदल केला ते सांगावे.

सादरीकरणात गटाची ओळख एका वाक्यात आटोपून, फळी पाण्यात पडते तो प्रसंग पहिल्या मिनिटातच दाखवावा आणि माउस परीक्षकांच्या हाती द्यावा. सभागृहातील इंटरनेटवर विसंबू नये. खेळाची चालणारी प्रत आणि दोन मिनिटांचे चित्रीकरण दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावे, आणि आदल्या दिवशी ते गटाबाहेरच्या एखाद्याच्या संगणकावर चालवून पाहावे.