दसऱ्याला ट्रॅक्टर घेताना: एचपी विचारलीत, आता रोप्स आणि पीटीओचं कव्हरही विचारा

दसरा जवळ आला की शोरूमच्या दारात ट्रॅक्टरना हार पडायला लागतात. सोयाबीनचे पैसे हाती येण्याच्या बेतात असतात, रब्बीची मशागत तोंडावर असते, ऊस वाहतुकीचे करार झालेले असतात आणि नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांची तयारी चालू असते. शोरूममधले प्रश्नही ठरलेले असतात. एचपी किती, डिझेल किती खातो, लिफ्ट किती किलो उचलते, शेवटचा भाव काय? ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा वाचेल का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. ते घेतानाच विचारायला हवं, कारण ‘पुढच्या हंगामात बसवू’ म्हटलेली वस्तू बहुतेक घरांत बसवायची राहूनच जाते.

पहिली गोष्ट रोप्सची. काही जण याला रोल बार म्हणतात. सीटच्या मागे मागच्या एक्सलच्या घरावर पक्की बोल्ट केलेली ही पोलादी चौकट ट्रॅक्टर उलटला तर चालकाभोवती जगण्यापुरती जागा राखून ठेवते. आपल्याकडे ट्रॅक्टर उलटतो तो बहुधा ओळखीच्याच ठिकाणी: बांध चढताना, पाटाच्या ढासळत्या काठावर किंवा चिखलात रुतलेली चाकं बाहेर काढताना. मागची चाकं रुतून अडली आणि क्लच झटकन सोडला, की इंजिनचा जोर चाकांऐवजी ट्रॅक्टरलाच एक्सलभोवती फिरवतो. नाक वर उचलतं. तिथपासून पूर्ण मागे उलटायला साधारण दीड सेकंद लागतो, आणि पाऊण सेकंद गेल्यावर क्लच दाबूनही तो खाली येत नाही. उडी मारू, असं आपण म्हणतो, पण पाऊण सेकंदात काय होतंय हेच कळत नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर ही चौकट सक्तीची केली. अमेरिकेत १९८५ पासून कंपन्या २० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ती आपणहून बसवू लागल्या. तिकडच्या शेतकऱ्याला ती ट्रॅक्टरबरोबरच मिळते. आपल्याला ती वेगळी मागावी लागते, आणि मला हे मनापासून खटकतं.

इथे एक मोठी गफलत होते. उन्हासाठी बसवलेलं फायबरचं छत किंवा गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेला लोखंडी हूड म्हणजे रोप्स नाही. दोन टनांचा ट्रॅक्टर अंगावर आला की तो पाइप वाकतो आणि चालक त्यातच अडकतो. खऱ्या रोप्सची दाबचाचणी झालेली असते आणि चौकटीवर कंपनीची पट्टी असते. पट्टी नसेल तर विक्रेत्याचं तोंडी आश्वासन पुरेसं धरू नका. रोप्सला भोक पाडून दिवा लावणं, छतासाठी वेल्डिंग मारणं टाळा, तिथेच तिची ताकद जाते. एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरची चौकट सरळ करून परत वापरू नका, बदला.

रोप्स असेल तर सीट बेल्ट लावलाच पाहिजे, नाहीतर माणूस फेकला जाऊन चौकटीच्याच खाली येतो. रोप्स नसेल तर उलट नियम लागतो: बेल्ट लावायचा नाही. द्राक्ष बागायतदार म्हणतात, मांडवाखाली चौकट कशी चालवायची? त्यासाठी दुमडणारी रोप्स असते. मांडवाखाली दुमडा आणि तेवढा वेळ बेल्ट काढा. बाहेर रस्त्यावर आलात की चौकट उभी करून पिन घाला आणि बेल्ट लावा. दुमडलेली चौकट वर्षभर तशीच राहिली तर तिचे पैसे वाया गेले.

मागे उलटण्याचं आणखी एक कारण म्हणजे साखळी चुकीच्या जागी बांधणं. रुतलेली गाडी ओढायची असो की ओंडका, साखळी ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खालच्या बाजूला असलेल्या ओढपट्टीलाच लावायची. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा एक्सलला बांधली की ओढ एक्सलच्या उंचीवर किंवा त्याहून वर लागते आणि नाक उचलायला वेळ लागत नाही. रोटाव्हेटरसारखं जड अवजार उचलल्यावर स्टिअरिंग हलकं वाटत असेल तर पुढे वजनं लावा. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला हवा.

आता पीटीओ, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या अवजाराला पोचवणारा फिरता दांडा. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. शाफ्टमध्ये पदराचं किंवा उपरण्याचं टोक अडकलं, तर एका सेकंदात दीड-दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. हात मागे घ्यायची बुद्धी सुचण्याआधीच माणूस शाफ्टपाशी ओढला जातो. म्हणून तीन आवरणं बघा: ट्रॅक्टरच्या पीटीओ टोकावरचं पत्र्याचं कव्हर, शाफ्टवरची प्लास्टिकची नळी आणि ब्लोअर, मळणी यंत्र किंवा रोटाव्हेटरच्या बाजूचं कव्हर. इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून शाफ्टवरची नळी हाताने फिरवून बघा. शाफ्ट जागेवर राहून नळी मोकळी फिरली पाहिजे. चिकटलेली किंवा तडकलेली नळी शाफ्टबरोबरच फिरते, तिचा काही उपयोग नाही. नळी रोखून धरणारी साखळी ट्रॅक्टरला अडकवलेली आहे का, तेही पाहा. ग्रीस भरताना काढलेलं कव्हर गोठ्यात पडून राहतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फवारणीत नोझल चोंदला की पीटीओ बंद करूनच खाली उतरा. मळणीवर काम करणाऱ्या बायकांना पदर खोचून वरून अंगाबरोबर बसणारा शर्ट घालायला द्या आणि केस बांधायला सांगा. चालू शाफ्ट ओलांडून पलीकडे जायची सवय जुन्या-नव्या सगळ्यांनाच असते. ती आजपासून बंद करा.

ब्रेकसाठी चाचणी फेरी मागा, आणि ती उतारावर घ्या. डावा-उजवा असे दोन पेडल शेतात वळायला सोयीचे असतात, पण रस्त्यावर ते पट्टीने जोडलेले हवेत. वेगात एकच पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर गिरकी घेतो. भाताच्या चिखलात काम असेल तर तेलात बुडालेले ब्रेक घ्या. हँडब्रेक उतारावर धरतो का, तेही तिथेच कळेल. शिवाय क्लच दाबल्याशिवाय किंवा मॉडेलप्रमाणे गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा स्विच आहे का, ते विचारा. तो बिघडला म्हणून चाकापुढे उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने स्टार्टर जोडू नका. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर थेट अंगावर येतो.

ऊस ओढणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे त्याच्या कितीतरी पट वजनाच्या दोन ट्रॉल्या, हे गणित उतारावर ब्रेकच्या हाताबाहेर जातं. उतार सुरू होण्याआधीच लहान गिअर टाका, मध्येच न्यूट्रल करू नका. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवेत, आणि ते उसाच्या वाढ्यांनी झाकले जाता कामा नयेत. अंधारात बंद पडलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसतच नाही. गाण्यांचा आवाज इतकाच ठेवा की मागचा हॉर्न ऐकू येईल.

मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. तुमच्या मॉडेलचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागा आणि त्यातलं ब्रेकचं पान जाणकाराकडून वाचून घ्या.

ट्रॅक्टरला सीट एकच असते. मडगार्डवर पोराला बसवून शेतात नेण्याचं कौतुक असतं, पण एका खड्ड्यात ते पोर मागच्या चाकाखाली जातं. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली आणि सात महिला गेल्या. ट्रॉलीत बसलेल्यांना रोप्स वाचवू शकत नाही. पावसाळ्यानंतर विहिरीच्या कडा भुसभुशीत होतात आणि गवताने झाकल्या जातात. मशागत सुरू करण्याआधी वाटेतल्या प्रत्येक विहिरीला कठडा बांधा. तोवर कडेपासून लांब दगड रचून त्यावर चुना मारा आणि ती खूण चालकाला शेतात नेऊन दाखवा.

कोटेशनवर रोप्स, बेल्ट, पीटीओ कव्हर, ट्रॉलीचे दिवे आणि पुढची वजनं वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडण्याआधी त्यातली एकेक वस्तू ट्रॅक्टरवर हात लावून पाहा, आणि राहिलेलं काही असेल तर ते बसेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.