प्रीस्ट्रेस केलेलं टेक्स्टाइल काँक्रीट लवकर तडकतंय? या चुका टाळा

कार्बन किंवा अल्कलीरोधक काचेच्या धाग्यांची जाळी ताणून धरायची, त्यावर बारीक रेतीचं मॉर्टर ओतायचं आणि ते पुरेसं घट्ट झालं की ताण सोडायचा. आखडू पाहणारी जाळी मग मॉर्टरला दाबून धरते, हाच प्रीस्ट्रेस. तरीही नमुना लवकर तडकला की सगळे मॉर्टरला दोष देतात. माझं म्हणणं, आधी जाळी तपासा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त लोडसेलच्या, म्हणजे बल मोजणाऱ्या उपकरणाच्या, आकड्यावर विसंबणं. हिशेब स्ट्रेनचा करा, म्हणजे मूळ लांबीच्या किती टक्के धागा ताणला गेला त्याचा. या मॉर्टरमध्ये सिमेंट जास्त असल्याने ते आकसतंही जास्त. आकुंचन ०.०६ टक्के धरलं आणि जाळीला ०.१ टक्का स्ट्रेन दिला असेल, तर ६० टक्के प्रीस्ट्रेस नुसत्या आकुंचनात जातो. तोच स्ट्रेन ०.४ टक्के ठेवला, तर १५ टक्केच जातो. क्रीपचा, म्हणजे सततच्या दाबाखाली मॉर्टर हळूहळू दबत जाण्याचा, तोटा वेगळाच.

लोडसेल एकूण बल दाखवतो, प्रत्येक धाग्याचं नाही. एक मीटर लांबीत एक मिलिमीटर ढिलाई म्हणजे ०.१ टक्का स्ट्रेन. फ्रेमवर चढवलेले धागे एकेक करून बोटाने छेडून बघा, ढिला लगेच कळतो. स्टीलची तार न तुटता थोडी कायमची लांबते आणि हा फरक सांभाळून घेते. कार्बन तसा लांबत नाही, थेट तुटतो. म्हणून सगळ्यात घट्ट धागा आधी जातो आणि त्याचा भार शेजाऱ्यांवर येतो.

मोडलेल्या नमुन्याची कड जवळून पाहा. तड्यातून लांब, मऊ तंतूंचा झुपका बाहेर आला असेल, तर धागा कोरडाच वापरलेला असणार. एका धाग्यात हजारो तंतू असतात आणि मॉर्टर फक्त बाहेरच्यांना धरतं, आतले सरकतात. प्रीस्ट्रेससाठी धागे इपॉक्सीत भिजवूनच घ्या. पण गुळगुळीत इपॉक्सीवर पकड कमी बसते, म्हणून ती ओली असतानाच वर बारीक वाळू भुरभुरवा.

ताण एका झटक्यात सोडू नका. सुटलेला धागा टोकाशी आखूड होताना थोडा फुगतो, आणि वरचं आवरण काही मिलिमीटरचंच असल्याने तडा धाग्याच्या रेषेत धावतो. सगळे धागे एकत्र, सावकाश सैल करा.

काचेचा धागा कायम ताणाखाली ठेवायचा असेल तर जपून. अल्कलीरोधक काचेतल्या झिर्कोनियामुळे सिमेंटमधल्या अल्कलीचा हल्ला मंदावतो, थांबत नाही, आणि सतत ताणलेली काच हळूहळू कमजोर होते. टिकाऊ कामाला मी कार्बनच घेईन.

प्रीस्ट्रेसमुळे पहिला तडा उशिरा येतो. अंतिम भारात फारशी वाढ होत नाही, आणि धाग्याची काही ताणक्षमता आधीच खर्च झालेली असते. म्हणून त्याच मिश्रणाचा, त्याच जाळीचा एक न ताणलेला नमुना जोडीला ओतत जा. दोघांच्या पहिल्या तड्याच्या भारातला फरक हिशेबापेक्षा बराच कमी निघाला, तर प्रीस्ट्रेस वाटेतच गळाला आहे.