कोर्टाचं इंग्रजी फाइलमधून शिका

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ज्युनिअर वकिलांची मुंबईवारी वाचली, पण इंग्रजी काही सुटलं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे तिथलं कामकाज इंग्रजीतच चालतं, आणि आपण तालुक्याला कैफियत, पुरशिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), निशाणी (फाइलमधल्या कागदाचा क्रमांक) असंच बोलत तयार झालेलो.

मीही मराठी माध्यमातला. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा सिनिअरांकडून निकाली निघालेल्या एखाद्या दिवाणी दाव्याची फाइल मागून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा, असं मी मनापासून सांगेन. दावा ज्या कागदाने दाखल होतो तो प्लेंट, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ७. कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, रिटन स्टेटमेंट, ऑर्डर ८. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत, कोर्टाने मुदत वाढवली तर ९० पर्यंत. पुढे इश्यूज, म्हणजे वादाचे मुद्दे, निघतात, मग सरतपास, उलटतपास, फेरतपास, म्हणजे चीफ, क्रॉस आणि री-एक्झामिनेशन. हे सरावाने पटकन येतं.

वेळ द्या तो निशाणी ५ ला, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या (इंजंक्शनच्या) अर्जाला. पक्षकाराची जमीन हातात राहते की जाते, हे पुष्कळदा इथेच ठरतं. समोरच्याला पूर्ण ऐकण्याआधी मिळते ती ॲड-इंटरिम, दोन्ही बाजू ऐकून दाव्याच्या निकालापर्यंत मिळते ती टेम्पररी, आणि हुकूमनाम्याने (डिक्रीने) मिळते ती परपेच्युअल. युक्तिवाद तीन गोष्टींवर चालतो: प्रायमा फेसी केस (प्रथमदर्शनी बाजू), बॅलन्स ऑफ कन्व्हीनियन्स (मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त गैरसोय कोणाची), इररिपेरेबल लॉस (भरून न येणारं नुकसान). हे तिन्ही आपल्या केसमधल्या घटना घालून इंग्रजीत मोठ्याने बोलून पाहा. नुसते शब्द उच्चारून न्यायाधीशांचं समाधान होत नाही.

वरच्या कोर्टात प्रत्येक वेळी ‘अपील’च करायचं असतं, असं समजू नका. दिवाणी न्यायाधीशांच्या मनाईच्या आदेशावर जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील होतं. त्या निकालावर आणखी अपील नाही. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२७ खाली रिट पिटिशन करायची. दाव्याच्या हुकूमनाम्याचं वेगळं. तिथे पहिल्या अपिलाच्या निकालानंतर त्याच संहितेच्या कलम १०० खाली सेकंड अपील असतं, तेही सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, असेल तरच.

आणि रिटमध्ये मूळ प्रतिवादीच पिटिशनर असू शकतो. म्हणून प्रत्येक नावापुढे ओरिजिनल प्लेंटिफ किंवा ओरिजिनल डिफेंडंट लिहा; उभं राहून बोलतानाही तसंच म्हणा.