चित्रगोधडीत कापडाचे तुकडे कसे पक्के करावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवण्याची पद्धत जुनी आहे. शेजारच्या कन्नड घरात तिलाच कौदी म्हणतात. वाकळ अंगावर घ्यायची आणि धुवायची असल्यामुळे तिच्यातले ठिगळ कसे लावावे हा प्रश्न सहसा पडत नाही. जाड दोरा घेऊन धावदोरा घातला की काम होते. भिंतीवर टांगण्यासाठी कापडाच्या तुकड्यांतून डोंगर, झाड किंवा अंगण रचायला घेतले, की मात्र प्रत्येक तुकडा कशाने बसवायचा हे वेगळे ठरवावे लागते, कारण टाका हाही त्या चित्राचाच भाग होतो.

सर्वांत आधी गोधडीचा वापर ठरवावा. ती भिंतीवरच राहणार असेल तर तुकड्यांवर ताण जवळजवळ येत नाही आणि कच्ची कडसुद्धा शोभून दिसते. मुलांच्या खोलीत हाताळली जाणार असेल किंवा वर्षातून एकदा तरी धुतली जाणार असेल, तर प्रत्येक कडेवरून टाका गेलाच पाहिजे. चिकटवणे आणि पक्के करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मनात ठेवले तरी बऱ्याच चुका टळतात. चिकटवल्याने तुकडा जागेवर थांबतो. तो वर्षानुवर्षे टिकतो तो टाक्याने.

त्यानंतर कापड तपासावे. साधे सुती कापड धुऊन, इस्त्री करून घेतले की कोणत्याही पद्धतीला तयार असते. खण दिसायला घट्ट असला, तरी कापल्यावर त्याच्या कडेच्या दशा सुटू लागतात. तुकड्याची कड नखाने आठ-दहा वेळा घासून पाहावी. धागे लगेच मोकळे झाले, तर ती कड दुमडावी लागेल किंवा झाकावी लागेल असे समजावे. लाल आणि गडद रंगांची परीक्षा ओल्या पांढऱ्या फडक्याने करावी, कारण चित्र पूर्ण झाल्यावर फुटलेला रंग मागे घेता येत नाही. इरकली साडीचा तुकडा वापरताना आणखी एक काळजी घ्यावी. तिचा पदर आणि अंग यांचे उभे धागे एकमेकांत फासे घालून जोडलेले असतात, म्हणून तो जोड तुकड्याच्या कडेला न येता मध्यभागी येईल असे कापावे.

आता तुकडे मांडून तात्पुरते धरून ठेवावेत. मोठ्या तुकड्यांना टाचण्या पुरतात. काम अनेक दिवस चालणार असेल तर कच्चा टाका घालावा, कारण बरेच दिवस राहिलेल्या टाचणीचा गंज आपल्याकडच्या पावसाळ्यात कापडावर उमटतो. धुतल्यावर निघून जाणारी डिंकाची कांडी बारीक तुकड्यांसाठी सोयीची असते. तिचा ठिपका कडेपासून थोडा आत लावावा, म्हणजे सुई चिकट होत नाही. कणकेची किंवा तांदळाची खळ मात्र वापरू नये, कारण तिच्या वासाने झुरळे आणि कसर येते.

खरी निवड यापुढे आहे. आकार मोठा आणि सोपा असेल, उदाहरणार्थ टेकडी, घराचे छप्पर किंवा चंद्र, तर कड आत दुमडून हाताने लपवलेला टाका घालावा. आकाराभोवती साधारण 5 मिलिमीटर जास्तीचे कापड ठेवावे, आत वळणाऱ्या कमानीवर बारीक चिरा द्याव्यात आणि सुईच्या टोकाने कड आत सारत 2 ते 3 मिलिमीटर अंतराने टाके घ्यावेत. दोरा वरच्या तुकड्याच्या रंगाचा घ्यावा, खालच्या कापडाच्या नव्हे. वेळ खूप लागतो, पण कड जिवंत आणि किंचित फुगीर दिसते, आणि माझ्या मते दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने ती तशी दिसत नाही. आंब्याच्या पानाचे निमुळते टोक किंवा बोटाच्या पेराएवढा तुकडा मात्र अशा रीतीने दुमडत बसू नये.

अशा बारीक, कोनदार आकारांना फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने कापडाला चिकटणारा थर, आणि यंत्राचा टाका हा मार्ग बरा. दुकानात नुसते फ्यूजिंग मागितले, तर कॉलरसाठीचे एकाच बाजूने चिकटणारे मिळण्याचा संभव असतो; आपल्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी, मागे कागद असलेली जाळी हवी असते, हे स्पष्ट सांगावे. कागदावर आकार उलटा काढावा, नाहीतर पक्षी दुसऱ्या दिशेला पाहू लागतो. इस्त्री घासत फिरवू नये, ती उचलून दाबत पुढे न्यावी आणि किती वेळ दाबायची ते पाकिटावरील सूचनेनुसार ठरवावे. नंतर कडेवरून झिगझॅग किंवा कडेच्या अगदी आतून साधी शिवण घालावी. दाट झिगझॅग घालताना कापड गोळा होते, म्हणून त्याखाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा. जे तुकडे हाताने शिवायचे आहेत त्यांना फ्यूजिंग लावू नये. कापड ताठ होते आणि सुई ओढता ओढता बोटे दुखतात.

जुने, विरलेले रेशीम या दोन्ही पद्धतींना दाद देत नाही. घरातल्या एका जुन्या इरकलीच्या पदरावर मी एकदा फ्यूजिंग लावले. इस्त्री उचलली तेव्हा लाल रेशमावर चिकटाचे गडद डाग उमटले होते, आणि सोडवायला गेल्यावर धागेच तुटून हाती आले. उरलेला पदर मी नंतर वेगळ्या रीतीने वापरला: तुकडे सुती कापडावर नुसते मांडले, त्यावर त्याच रंगाची अतिशय बारीक नेट पसरली आणि नेटमधूनच तुकड्यांच्या कडेबाहेरून लहान धावदोरा घातला. रेशमाला सुई जवळजवळ लागली नाही आणि दोन हात अंतरावरून नेट दिसतही नाही. कातरलेल्या बारीक चिंध्यांची पाने किंवा पाण्याची लाट करायची असेल तेव्हाही हीच पद्धत वापरावी.

चौथा मार्ग आपल्या शेजारी आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि काही प्रमाणात खानापूर तालुक्यात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी ही ठिगळांची गोधडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि तुकड्याची कड दुमडून, सर्व थरांतून धावदोरा घालत गोल फिरत मध्याकडे येतात. ठिगळ लावणे आणि थर एकत्र शिवणे ही दोन्ही कामे त्या एकाच टाक्याने होतात, आणि दोऱ्याच्या ओळी नक्षी होऊन उरतात. चित्रात शेत, पाणी किंवा आभाळ असे मोठे पृष्ठभाग असतील, तर हा टाका त्यांना चाल देतो. धुण्यालाही तो भक्कम ठरतो.

एकाच गोधडीत दोन-तीन पद्धती एकत्र आणण्यास काहीच हरकत नाही. फक्त फ्यूजिंग आणि इस्त्रीचे काम आधी आटोपावे, हाताचे टाके आणि नेट नंतर घ्यावी. मुख्य कामाला हात घालण्यापूर्वी त्याच कापडांचा वीतभर नमुना करावा, तो मुठीत चुरगाळावा, गोधडी धुतली जाणार असेल तर धुवावा आणि आठवडाभर खिडकीशी टांगून ठेवावा. कड उचलली गेली किंवा कापड आखडले तर ते तिथेच कळते. जमलेला नमुना टाकून देऊ नये. त्याच्या मागे सुईचा क्रमांक, दोऱ्याचा प्रकार आणि इस्त्री किती गरम ठेवली होती हे पेनने लिहून, तो शिवणाच्या डब्यात ठेवावा.