परड्यातल्या तळीत भेकांची वीण कशी बघायची

वळवाचे एकदोन फटके पडून गेले की कोकणात भेक बाहेर दिसायला लागतात, पण खरी गर्दी होते ती मिरगाच्या मागेपुढे, ७ जूनच्या आसपास, पहिला दणदणीत पाऊस झाला की त्या रात्री. नंतरही पावसाळ्यात अधूनमधून वीण चालूच असते, पण ती रात्र चुकवू नका. भेक म्हणजे टोड, तोच हो, पडवीतल्या दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो तो, खरखरीत अंगाचा, डोळ्यांच्या मागे दोन फुगीर गाठी असलेला.

तळी मे महिन्यातच करून ठेवा. फार मोठी लागत नाही, मागीलदारी चारपाच फूट लांब आणि मध्ये फूट-दीड फूट खोल खड्डा पुरे. आपली जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, त्यामुळे शेततळ्याला वापरतात तो जाड प्लास्टिक कागद घाला, वर थोडी माती पसरा आणि काठाला चिरे लावा. एक बाजू मात्र उतरती पाहिजेच, कारण उभ्या भिंतींच्या सिमेंटच्या हौदात भेक पडतो आणि त्याला वर येता येत नाही. जुना हौद किंवा डोण वापरणार असाल तर आत एक खडबडीत फळी तिरकी टाका. पाणी पावसाचं बेस्ट, विहिरीचंही चालतं, नळाचं असेल तर क्लोरीन जायला एकदोन दिवस उघडं राहू दे. आत थोडी पाणवनस्पती सोडा, माडांना घातलेलं खत आणि फवारणीचं औषध वाहून तळीत येणार नाही एवढं बघा, कारण बेडकांची कातडी सगळं शोषून घेते.

आता डासांचं. तळी केली की शेजारचे काका येऊन सांगणारच, डेंग्यू होईल, गप्पी मासे सोड. सोडू नका! मासे अंडी आणि बारीक टॅडपोल (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) खाऊन टाकतात. डेंग्यूचा डास जास्त वाढतो तो करवंट्या, जुने टायर, फ्रीजच्या मागचा ट्रे असल्या ठिकाणी, ते आधी रिकामे करा. तळीत चतुरांची पिल्लं आली की ती डासांच्या अळ्या खातात (आणि काही टॅडपोलही खातात, ते चालायचंच), तोपर्यंत अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळण्याने काढा.

बघायला जायचं ते अंधार पडल्यावर, पायात गमबूट घालूनच. बेडकांची गर्दी झाली की साप येतात, दिवड बिनविषारी आहे पण नागही भेक खातो, आणि गडग्यात (दगडी कुंपणात) विषारी फुरसं असू शकतं, त्यामुळे चिऱ्यांच्या फटीत हात घालायचा नाही. बॅटरीला लाल जिलेटिन पेपर लावा. तुम्ही गेलात की सगळे गप्प होतात, मग काठापासून जरा लांब स्टूल टाकून बसा, मोबाईल खिशात, दहापंधरा मिनिटांत एक जण सुरू करतो आणि मग सगळेच.

ओरडतो तो नर. गळ्याखाली एकच फुगा येतो आणि लांबच्या लांब टर्र्र्र्र चालू राहते. मादी मोठी, जाडजूड, ती अशी गात नाही. नर तिच्या पाठीवर चढून काखेत घट्ट मिठी मारतो, वीणीच्या काळात त्याच्या पुढच्या बोटांवर खरखरीत गाद्या येतात त्यामुळे पकड सुटत नाही. गंमत म्हणजे हलणारं काहीही दिसलं की हे पकडतात, दुसऱ्या नरालासुद्धा, मग तो पकडलेला नर तुटक तुटक चिरकतो आणि अंग थरथरवतो, की पहिला सोडतो. मला विचाराल तर अंडी घालण्यापेक्षा हा गोंधळ बघण्यात जास्त मजा आहे. कधी एका मादीवर तीनचार नर चढतात आणि ती बुडूनही मरते, बघवत नाही, पण मध्ये पडू नका.

अंडी रात्री उशिरा किंवा पहाटे घातली जातात, मादी सोडत जाते आणि नर लगेच वरून फलित करतो. सकाळी वनस्पतींभोवती गुंडाळलेल्या लांब पारदर्शक दोऱ्या शोधा, आत काळी अंडी ओळीने, काळ्या मण्यांची पोत जशी. दोरी म्हणजे भेक. पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला पांढरा फेस दिसला तर तो झाडबेडूक, आणि पाण्यावर पातळ साय पसरलीय तर छोट्या जातीचा कुठलातरी बेडूक.

दोनचार दिवसांत काळेकुट्ट टॅडपोल बाहेर येतात आणि घोळक्याने फिरतात. त्यांना ब्रेड, भात काही घालू नका, पाणी नासतं, शेवाळ पुरतं त्यांना. पावसाने आठवडाभर दडी मारली तर विहिरीचं पाणी हळूच घाला, आणि मुसळधार पावसात तळी ओसंडते तिथे बारीक जाळी लावा नाहीतर सगळे वाहून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. पुढे आधी मागचे पाय, मग पुढचे, मग शेपूट जिरते, आणि एखाद्या पावसाळी दिवशी जेमतेम एक सेंटीमीटरची पिल्लं काठावर येतात. त्या दिवसांत तिथे गवत कापू नका, चार सुकी चुडतं (माडाच्या झावळ्या) टाकून ठेवा, आडोसा होतो.

हात लावलात तर साबणाने धुवा. चामखीळ वगैरे होत नाही, पण डोळ्यांमागच्या गाठींत विष असतं, कुत्र्याने तोंडात धरला तर फेस येतो, लगेच तोंड पुसून धुवून डॉक्टरकडे न्या. दुसरीकडची अंडी आणून तळीत सोडू नका, रोग पसरतात. आंबोलीला गेलात तर हे जास्तच लक्षात ठेवा, तिथला आंबोली टोड 2009 मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला, अतिशय धोक्यात आहे, आणि तो सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतो, त्यामुळे पाय आणि गाडी दोन्ही जपून.

तळी साफ करायची तर दिवाळीनंतर करा, आणि काढलेला गाळ एक रात्र काठावरच ठेवा, आत अडकलेले जीव आपापले परत पाण्यात जातात.